उसनी जन्मतारीख

बँकेच्या कर्ज विभागातल्या बाईंनी संगणकाचा पडदा अक्षरताईकडे वळवला, तेव्हा तिला वाटलं चष्म्याची काच धुरकट झाली असेल. तिने काच पदराने पुसली, चष्मा परत नाकावर चढवला. आकडा तोच होता. पाचशे त्र्याऐंशी.

क्रेडिट स्कोअर सातशेच्या खाली असला तर अर्ज पुढे जातच नाही, असं बाई म्हणाल्या. आवाज चांगला होता, पण म्हणायचं ते म्हणाल्याच. मोटारसायकलचे अकरा हप्ते उशिरा भरलेत, मोबाइलचा शेवटचा हप्ता तर अजून बाकी आहे, हे कसं चालेल?

नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसायचं म्हटलं तरी जी डोळे गच्च मिटून घेते, त्या बाईने मोटारसायकल घेतली म्हणे. अक्षरताईला हसावं की रडावं कळेना. ती एवढंच म्हणाली, "हे माझं नाही." बाईंनी मान डोलावली. असं म्हणणारी माणसं त्यांच्याकडे रोज येत असावीत.

अक्षरताई ही काही बँकेत येरझाऱ्या घालणारी बाई नव्हे. बावीस वर्षं ती एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे शिवत होती. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि असे फर्मे क्रमाने लावून, शिवून, खळ लावून पाठीला चिकटवले की पुस्तक. सात माणसांचा कारखाना. मालकांचं वय झालं होतं, गुडघे बोलायला लागले होते, आणि त्यांनी विकायचं ठरवलं होतं. भंगारवाला येऊन कटिंग मशीनची टेपने मापंही घेऊन गेला होता. त्याने भाव सांगितला तो वजनावर.

त्या दिवशी अक्षरताईच्या तोंडून निघून गेलं, "मालक, मीच घेते." मालकांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं आणि तिला चाळीस दिवस दिले. निम्मे पैसे तिच्याकडे साठलेले होते, निम्म्यांसाठी कर्ज हवं होतं. ते नाही मिळालं तर एकेचाळिसाव्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक दारात उभा, आणि सात माणसं रस्त्यावर. इतका हिशेब सरळ होता.

घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर क्रेडिट रिपोर्ट काढला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. अकरा पानं. सुटे कागद वाचायची अक्षरताईला सवयच नाही. तिने आधी कडेला भोकं पाडली, तीन टाके घातले, गाठ मारली आणि मग पान उलटलं. मुलीने कपाळाला हात लावला.

रिपोर्टात सहा खाती होती. धुलाई यंत्राचं कर्ज तिचं होतं, फिटून दोन वर्षं झाली होती. किराणा दुकानाचं कार्ड तिचं होतं, ते मात्र काठोकाठ वापरलेलं. बाकीची चार कुणाची? मोटारसायकल, मोबाइल, शिवणयंत्र आणि घरदुरुस्तीचं एक लहानसं कर्ज. तिने चारही ठिकाणी पत्ता पाहिला. कारखान्याचा. फोन नंबर पाहिला. तिचाच. जन्मतारीख पाहिली. सतरा ऑक्टोबर, वर्षासकट तिचीच.

आणि मग ती एकटीच हसायला लागली. इतकी, की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली.

झालं होतं असं. अक्षरताईचं अक्षर मोत्यासारखं, नावही त्यावरूनच पडलेलं. कारखान्यात कुणाचाही फॉर्म आला की तो तिच्यापुढे यायचा. पत्त्याच्या जागी ती कारखान्याचा पत्ता घालायची, कारण माणसांच्या भाड्याच्या खोल्या दर वर्षी बदलायच्या. फोनच्या जागी आपला नंबर, कारण मशीनच्या आवाजात बाकी कुणाला फोन ऐकू जायचा नाही. आणि जन्मतारीख? कटिंग मशीनवरचा कटर आणि खळ शिजवणारी खळवाली या दोघांना आपली जन्मतारीख ठाऊकच नव्हती. कुणी म्हणे थंडीत झालो, कुणी म्हणे धाकट्या काकाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. खिडकीवरची माणसं असली उत्तरं घेत नाहीत. म्हणून अक्षरताईने ओळखपत्राच्या पहिल्या अर्जापासूनच दोघांना स्वतःची तारीख देऊन टाकली होती. वयं साधारण एकच, कुणाचं काय बिघडणार होतं? उलट सोय झाली. दर सतरा ऑक्टोबरला कारखान्यात एकच केक यायचा, त्यावर तिघांची नावं, आणि खर्च तिघांत.

केक एक, फोन एक, पत्ता एक. नावांकडे न बघता संगणकाने तिघांना धरून एकच माणूस केलं होतं.

"अगं, दुसऱ्या पुस्तकांचे फर्मे माझ्या पुस्तकात शिवलेत," ती मुलीला म्हणाली. "हे तर मला येतं. टाके उसवायचे आणि ज्याचे त्याला लावायचे." त्या क्षणापासून तिच्या अंगात जो उत्साह संचारला तो पुढचा महिनाभर उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुटी टाकून ती या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत पोचली. तक्रारीच्या खिडकीत निवृत्तीला आलेले एक कारकून थर्मासमधला चहा पीत बसले होते. तिने शिवलेला रिपोर्ट पुढे ठेवला. कारकुनांनी तो आधी उलटसुलट करून पाहिला, गाठीवरून बोट फिरवलं, आणि इतक्या वर्षांत असा रिपोर्ट आपल्याकडे कुणी आणला नाही असं कबूल केलं. तिथून पुढे माणूस तिच्या बाजूचा झाला.

त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. ओळखपत्रांचे क्रमांक वेगळे आहेत, तोच मोठा पुरावा. ज्याचं खातं आहे त्याचं सहीचं पत्र हवं, ओळखपत्राची प्रत हवी, कर्ज देणाऱ्या दुकानाचा दाखला हवा. तक्रार नोंदवली की तीस दिवसांत निकाल. शिवाय तिचे स्वतःचे दोन गुन्हेही त्यांनी सांगितले. कार्ड काठोकाठ वापरायचं नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायचं. आणि घाबरून एका आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकायचे नाहीत, प्रत्येक चौकशीने आकडा थोडा घसरतो. अक्षरताईने खरोखरच चार बँकांत अर्ज टाकले होते. ती ओशाळली.

मग कारकुनांनी पेन्सिलीने दोन खात्यांभोवती गोल काढला. शिवणयंत्र आणि घरदुरुस्ती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, ही दोन तुमची नसली तरी राहू द्या. अठ्ठेचाळीस हप्ते, एकही चुकलेला नाही. हीच तुम्हाला वर धरून आहेत. वाईट दोन काढली की तुम्ही सातशे चाळीसला जाल. हीही काढलीत तर मी काही सांगू शकत नाही. यंत्र तुम्हाला विचारायला येणार नाही."

सातशे चाळीस. तो आकडा तिच्या कानात घुमत राहिला. तिने फॉर्मवर मोटारसायकल आणि मोबाइल एवढंच लिहिलं. पत्रं आणून जोडायला तिला चार दिवसांची मुदत मिळाली, आणि ती बसमध्ये बसली तेव्हा तिला शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगावंसं वाटत होतं.

कारखान्यात पोचली आणि पहिल्यांदा कटरला गाठलं. कटर म्हणजे सव्वासहा फुटांचा गडी, हजार पानांचा गठ्ठा एका दाबात कापणारा. मोटारसायकलचं नाव काढताच तो मशीनच्या मागे जाऊन काहीतरी शोधायला लागला. मागे हात मोडला होता तेव्हा हप्ते थकले होते, सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते डाग तिच्या नावावर पडत होते, हे त्याला आजच कळत होतं. त्याचा चेहरा इतका पडला की अक्षरताईला त्याचीच समजूत काढावी लागली. मोबाइलचा राहिलेला हप्ता चपलेच्या एका जोडाच्या किमतीएवढा होता. दुकान बंद झालं होतं म्हणून राहिला, म्हणे. तो त्याच मोटारसायकलवर बसला, दुकानाचं नवं ठिकाण शोधून काढलं, पैसे भरले आणि दोन्ही दाखले घेऊन संध्याकाळच्या आत परत आला. "ताई, आता माझाच आकडा पडेल ना?" त्याने विचारलं. पडेल, ती म्हणाली, पण तुझा तू वर आणशील, कसा ते मला आता पाठ झालंय.

सगळ्या कारखान्याला आनंद झाला. मालकांनी गुडघ्याकडे दुर्लक्ष करून सगळ्यांसाठी चहा सांगितला. पण सगळ्यात जास्त आनंद झाला तो खळवालीला. ती पातेल्यातली खळ ढवळत होती, ते सोडून धावत आली आणि तिने अक्षरताईला मिठीच मारली. खळीचा अख्खा पंजा अक्षरताईच्या खांद्यावर उमटला.

"झालं बाई तुझं काम," खळवाली म्हणाली. "माझ्यासारखं नको व्हायला. मला तर कोरी आहेस म्हणाले."

अक्षरताईने चहाचा कप खाली ठेवला.

मागच्या वर्षीची गोष्ट. खळवालीच्या लेकीला शिवणकामासाठी रस्त्यालगतची एक खोली हवी होती आणि त्यासाठी खळवाली कर्ज मागायला गेली होती. तुमच्या नावावर काही नोंदच नाही, कोरं पान आहे, असं सांगून तिला परत पाठवलं. "चार वर्षं हप्ते भरले, एक दिवस उशीर केला नाही, ते गेले कुठे गं?" असं तिने अक्षरताईलाच विचारलं होतं. आणि अक्षरताईने तिला शहाणपणाने सांगितलं होतं, की बँकांचं असंच असतं, मनाला लावून घेऊ नकोस. खोली दुसऱ्याने घेतली. लेक अजून जिन्याखाली बसून शिवते.

दुपारभर अक्षरताईने फर्मे शिवले. खांद्यावरची खळ वाळत गेली, कडक झाली, आणि हात वर केला की कातडीला ओढ बसायची. सातशे चाळीस, सातशे चाळीस, असं ती मनाशी म्हणत होती आणि मनाला ते पटत नव्हतं. ते अठ्ठेचाळीस हप्ते भरायला खळवाली दर महिन्याच्या पाच तारखेला जेवणाच्या सुटीत चालत जायची. डबा न खाता. अक्षरताई तिच्यासाठी दोन घास झाकून ठेवायची. आपण काय झाकून ठेवलंय हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. आता माहीत होतं, हाच घोळ होता. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना उघडायच्या वेळी तिने खळवालीला पातेल्यापाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कारकुनांनी काढलेले पेन्सिलीचे गोलही दाखवले. खळवालीला वाचायला वेळ लागायचा. तिने बोट ठेवत ठेवत ओळी मोजल्या. अठ्ठेचाळीस झाल्यावर पुन्हा मोजल्या.

"सगळे आहेत की," ती हळूच म्हणाली. "म्हणजे हरवले नव्हते."

"नव्हते. माझ्याकडे होते."

खळवालीने पातेल्यातली खळ एकदा ढवळली. मग म्हणाली, "राहू दे मग महिनाभर. तुझं कर्ज होऊ दे. कारखाना गेला तर मी तरी खळ कुठे शिजवू?"

तिने हे इतक्या सहज म्हटलं की अक्षरताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकाला चार पानं कमी पडतात म्हणून शेजारच्या पुस्तकाची घालत नाहीत, एवढं तरी बावीस वर्षांत ती शिकली होती. "नाही गं," ती म्हणाली. "चल, पदर खोच. कचेरी दहाला उघडते."

कारकुनांनी दोघींना एकत्र पाहिलं आणि थर्मास बाजूला ठेवला. नवा फॉर्म दिला, चार खात्यांचा. "विचार केलाय ना?" एवढंच विचारलं. केलाय, अक्षरताई म्हणाली, आणि चारही खाती लिहून काढली, अक्षर नेहमीसारखंच सुरेख. शिक्का मारताना कारकुनांनी आणखी एक सांगितलं. तारीख एकच राहिली तर यंत्र पुन्हा तिघांची गाठ मारेल. खरी जन्मतारीख शोधा.

मग सुरू झाली ती शोधाशोध. कटरच्या आत्याने एका जुन्या पत्रावरून त्याचा दिवस काढून दिला, मे महिन्यातला. खळवाली पहिलीत ज्या शाळेत चार महिने गेली होती, त्या शाळेतल्या लिपिक बाईंनी तीन कपाटं उघडली आणि जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर काढलं. पाठ सुटलेली, पानं लोंबणारी. अक्षरताईचा जीव आधी त्या पाठीसाठी कळवळला. मग तिने नाव शोधलं. तीन फेब्रुवारी. आणि वर्ष अक्षरताईच्या चार वर्षं नंतरचं.

"म्हणजे मी चार वर्षं फुकट म्हातारी झाले," खळवाली म्हणाली. परतीच्या वाटेवर ती कारण नसताना तीनदा हसली. दोघांची ओळखपत्रं दुरुस्त होऊन बारा दिवसांत आली. ते रजिस्टर अक्षरताईने रविवारी नव्याने शिवून दिलं, पैसे न घेता.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. अक्षरताईने कार्ड निम्म्याच्या खाली आणलं, मग तिसऱ्या हिश्श्याच्या आत. मुलगी रोज सकाळी मोबाइल उघडायची आणि अक्षरताई रोज म्हणायची की बघू नकोस, बघून काय आकडा वाढतो का, आणि मग स्वतःच खांद्यावरून डोकवायची. भंगारवाला एकदा येऊन मशीनला टिचक्या मारून गेला. कटरने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तेहेतिसाव्या दिवशी दुपारी निरोप आला. कटरने मशीन बंद केलं. इतकी शांतता कारखान्यात सुटीच्या दिवशीच असायची. अक्षरताईने रिपोर्ट उघडला. चारही खाती गेली होती. पान स्वच्छ होतं, फक्त तिचं. खाली आकडा होता.

सहाशे चौऱ्याण्णव.

सहा कमी. पाचशे त्र्याऐंशीवरून इथवर आलो म्हणून आनंद मानावा, की सहाने हुकलं म्हणून रडावं? कारकुनांचे पेन्सिलीचे गोल तिच्या डोळ्यांपुढे आले. एक क्षण, खोटं कशाला बोला, तिला पश्चात्ताप झाला.

"माझं बघ ना," खळवाली म्हणाली. तिने कधीच स्वतःचं बघितलं नव्हतं.

मुलीने घरून तिच्या नावाने रिपोर्ट काढून पाठवला. पान उघडायला वेळ लागत होता. सातही माणसं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली होती, मालकांचे गुडघे दुखायचे विसरले होते. सातशे एकाहत्तर.

"कुणाचं?" खळवालीने विचारलं.

"तुझं," अक्षरताई म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पदर खोचायलाही तिने वेळ घेतला नाही. बँक बंद व्हायला पन्नास मिनिटं होती. कटरने मोटारसायकल काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्षरताई तिच्यावर डोळे उघडे ठेवून बसली. खळवाली आणि मालक रिक्षाने मागून आले.

कर्ज विभागातल्या बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. दोघींच्या नावे अर्ज करता येईल, त्या म्हणाल्या. मुख्य कर्जदाराचा स्कोअर सातशेच्या वर लागतो, दुसरीचा साडेसहाशेच्या वर असला तरी चालतं. "मात्र मुख्य नाव यांचं लागेल. कर्जावरही आणि कारखान्याच्या कागदांवरही. चालेल ना तुम्हाला?"

अक्षरताईने मनातल्या मनात कारखान्याची पाटी कितीदा रंगवली होती ते तिचं तिला माहीत. तिच्यावर एकच नाव होतं. तिने त्या मनातल्या पाटीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चालेल. अगदी झकास चालेल."

बाईंनी कोरा फॉर्म पुढे केला. सवयीने अक्षरताईचा हात पेनाकडे गेला. पण खळवालीने पेन आधीच उचललं होतं.

"मी लिहिते," ती म्हणाली. "तू फक्त सांग, कुठे काय."

अक्षरताईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते ऐकणारे नव्हते. खळवाली एकेक अक्षर खळीचा थर द्यावा तसं सावकाश लिहीत गेली. नाव चौकटीबाहेर गेलं. पत्ता तिच्या स्वतःच्या खोलीचा. फोन तिचा स्वतःचा, लेकीने महिन्यापूर्वी घेऊन दिलेला. घड्याळात बारा मिनिटं उरली होती आणि बाईंनी काही घाई केली नाही. जन्मतारखेच्या चौकटीपाशी पेन थांबलं.

"ही मला माहितेय," खळवाली म्हणाली, आणि तिने तीन फेब्रुवारी लिहिलं.